काळदुर्गाखालची पांढरी भिंत

शिरगावच्या किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करून उभं राहिलं की आधी वाळू दिसते, मग सुरूची झाडं, मग भाताची खाचरं आणि सगळ्यांच्या मागे डोंगरांची रांग. बाकीचे डोंगर निमुळते आहेत. काळदुर्गाचं डोकं मात्र चौकोनी आहे, कोणी वर पाट ठेवून विसरल्यासारखं. तुम्ही कधी इकडे आलात तर मला तुम्हाला आधी हा डोंगर दाखवायचा आहे, आणि तोही वाळूवरून नाही. कुठून ते पुढे सांगते.

एकोणीसशे साठच्या दशकाचा मध्य होता. आमच्या लग्नानंतरची ती दुसरी दिवाळी. तुमचे आजोबा तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर होते आणि बोईसरला दोन खोल्यांत चार जण मिळून राहत. मी पुण्याला कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. सुट्टी एकत्र घालवायची तर घर हवं, आणि त्यांच्या एका वरिष्ठांचं शिरगावला समुद्रावर रिकामं घर होतं. त्यांनी किल्ली दिली आणि एकच काम सांगितलं: पावसाने पश्चिमेची भिंत खराब झाली असेल, तिला चुना लावून घ्या.

पालघर स्टेशनवर उतरले तेव्हाच मला तो मुलूख आवडला. गाडीने आणखी थोडं वर गेलं की गुजरात लागायचा. हद्द आखून जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती आणि बाजारातल्या भाजीवाल्या एका गिऱ्हाइकाशी मराठी तर दुसऱ्याशी गुजराती बोलत, मध्ये श्वासही न घेता. बांधकामावरच्या मजुरांमुळे बोईसरला हिंदी आली होती. शिरगावला यातलं काही नव्हतं. तिथे गावातल्या जुन्या किल्ल्याच्या बुरुजावर गुरं चढत आणि दुपारी सगळं गाव झोपत असे.

घर गावापासून दक्षिणेला, एकटंच होतं, एका कोपऱ्याशी विहीर. जवळ सात-आठ झोपड्यांचा कोळ्यांचा पाडा. तिथली एक बाई घराची देखभाल करायची. वय चाळीसच्या आसपास, आवाज वाऱ्यावर मात करणारा. मी तिला मावशी म्हणत असे. तिचा नवरा आणि पाड्यातले बाकीचे पुरुष तीन होड्यांवर जात. शेजारच्या सातपाटीच्या बोटींना तेव्हा इंजिनं लागली होती, पाड्यावर अजून शीडच होतं. मावशीचा म्हातारा सासरा दिवसभर वाळूवर उलट्या टाकलेल्या टोपलीवर बसून राही. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते.

पहिल्याच दिवशी मावशीने मला भरतीचा हिशोब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. मी वहीत लिहून घेतलं आणि चार दिवस घड्याळ लावून पडताळून पाहिलं. पंधरा मिनिटांचाही फरक पडला नाही. मी एम.ए. होते आणि मावशीला सही करता येत नव्हती, आणि समुद्र तिचं ऐकत होता. मला फार आनंद झाला होता, एवढं आठवतं.

मोळी विकायला एक बाई डोंगरातून यायची. माझ्याच वयाची असेल, सडपातळ, कमी बोलणारी. काळदुर्गाच्या पायथ्याला तिचा पाडा होता. नवऱ्याबरोबर पावसाळ्यात डोंगरउतारावर नाचणी आणि भात करायची, आणि कापणी संपली की दोघं कामासाठी खाली उतरायची. मोळी डोक्यावर घेऊन ती तीन तास चालून येई आणि आल्यावर पाणी मागायच्याही आधी मोळी नीट भिंतीला टेकवून ठेवी. मावशीचं आणि तिचं फारसं जमत नसे. मावशी तिला "डोंगरवाली" म्हणे. मासळीचा वास आला की ती नाकाला पदर लावी आणि मावशीला ते बरोबर दिसे.

एकदा आम्ही दोघं तिच्याबरोबर तिच्या पाड्यावर गेलो. तिचं घर पाहून मी दारातच थांबले. कुडाच्या भिंती, त्यावर शेण आणि वरून गेरूचा हात. इतकी सारखी, इतकी स्वच्छ भिंत मी पुण्यातल्या बंगल्यातही पाहिली नव्हती. कडेने तांदळाच्या पिठाचे बोटांचे ठिपके, ओळीत, एकही वाकडा नाही. अंगणात एक काडी पडलेली नव्हती. व्यवस्थितपणा मला लहानपणापासून प्रिय, आणि इथे तो कोणी न शिकवता, न टोकता नांदत होता. परत येताना मी तुमच्या आजोबांना म्हटलं की चुना कशाला लावायचा, आपली भिंत हिच्याकडून अशी करून घेऊ. त्यांना कल्पना आवडली. घरमालकांनाही आवडेल, अशी आमची खात्री होती.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिन्ही होड्या समुद्रात गेल्या. पंचमीच्या भरतीला परत येणार होत्या. त्याच दिवशी मावशी भाऊबीजेसाठी केळव्याला भावाकडे गेली. आणि भाऊबीजेच्या सकाळी डोंगरवाली गेरूची टोपली घेऊन आली.

मी तिला विचारलं की तुमच्यातलं ते चौकोनी चित्र काढशील का. ती म्हणाली, "तो चौक लग्नात घालतात, बाय. तुझ्या घरात लगीन हाय का?" मी नाही म्हटलं. "मग ठिपके घालते." एवढ्यावर विषय संपला. दोन दिवस ती शिडीवर होती. ती हाताने गेरू असा फिरवी की कुठे थांबली आणि कुठून पुन्हा सुरू केलं ते कळू नये. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वाळूवर जाऊन पाहिलं. उन्हात ती लाल भिंत, तिच्या कडेचे पांढरे ठिपके आणि मागे सुरूची झाडं. मी वहीत तिचं वर्णन लिहिलं. पाण्यातून ती कशी दिसेल हा विचार माझ्या मनात आला नाही.

त्याच संध्याकाळी मावशीच्या सासऱ्याला मी पेज दिली. तो म्हणाला, "बाय, तुझं घर दिसत नाय."

मी त्याला समजावलं की हा मोतीबिंदू आहे, वाढत जातो, मुंबईला यावर शस्त्रक्रिया होते. त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा तेच म्हणाला. मी तुमच्या आजोबांना सांगितलं की म्हाताऱ्याची नजर झपाट्याने कमी होते आहे. पाड्यातल्या बायकाही तसंच म्हणाल्या.

पंचमीला दुपारी एकच्या सुमाराला मावशी परत आली, वाळूवरूनच चालत. मी ओटीवर तांदूळ निवडत होते आणि डोंगरवाली भिंतीच्या तळाशी शेवटची ठिपक्यांची ओळ घालत होती. मावशी भिंतीसमोर थांबली. तिने हातातलं गाठोडं खाली ठेवलं नाही, टाकलं.

"भिंत कुठं हाय?" ती म्हणाली.

मला वाटलं तिला आवडलं नाही. मी काहीतरी सांगू लागले. तिने मला थांबवलं आणि समुद्राकडे हात करून एकेक शब्द मोजून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. आमच्या घरासमोर पाण्याखाली खडकांची रांग होती. ओहोटीला खडक दिसतात, पण तेव्हा होडीला पाणी नसतं. भरतीला पाणी असतं, पण खडक दिसत नाहीत. त्यांच्यामधून एकच वाट होती, बैलगाडीएवढी. ती वाट सापडायची खूण म्हणजे काळदुर्गाचं डोकं आणि आमची पांढरी भिंत. ही दोन एकावर एक आली की होडी सरळ आत आणायची. लाल भिंत समुद्रातून दिसतच नाही, ती सुरूच्या खोडांत आणि मातीत मिसळून जाते.

"आनि दुसरं पांढरं काय हाय?" मावशी म्हणाली. "पलीकडचं देऊळ. त्याच्यावर डोंगर धरला तर सरळ खडकात."

तिचा नवरा आणि तिचे दोन दीर पहिल्या होडीवर होते. पंचमीची पाऊणपट मी मनातल्या मनात केली. पावणेचार.

आजोबा म्हणाले की मी सायकलने सातपाटीला जातो आणि इंजिनची बोट बाहेर पाठवायला सांगतो. मावशी म्हणाली की तुमी जाऊन बोट येईस्तोवर पानी उतरायला लागेल. मग चुना, असं मी म्हटलं. घरात चुन्याची पाटी होती, मालकांनी आधीच आणून ठेवलेली. डोंगरवाली इतका वेळ पिठाच्या हातांनी उभी होती. ती म्हणाली की ओला चुना पांढरा दिसत नाही, वाळल्यावर दिसतो, आणि गेरूवर तर एका हातात खालचं लाल झाकणारही नाही. ते खरं होतं आणि आमच्यापैकी तिलाच माहीत होतं.

मावशी तिच्याकडे वळली. "तू लावलंस ना? आता तूच काढ."

"मला सांगितलं म्हणून लावलं," ती म्हणाली. "तुझी भिंत पान्यातून बघतात ते मला कोण सांगनार? मी पान्यात राहते?"

मी आत गेले आणि ट्रंक उघडली. झाकणाला आतून मी सामानाची यादी चिकटवलेली असायची, तुम्ही माझ्या कपाटात पाहिली आहे तशीच. सहा पांढऱ्या चादरी, दोन पलंगपोस, एक टेबलक्लॉथ, दोन मच्छरदाण्या, धोतर एक, लेंगे तीन. सगळं उचलून बाहेर आणलं. मावशीने पाहिलं आणि ती पाड्याकडे पळाली. ती परत आली तेव्हा हातात जाळं विणायची लाकडी सुई आणि दोराचा गुंडा होता.

त्यानंतरचे दोन तास मला आजही जसेच्या तसे दिसतात. मावशी वाळूत मांडी घालून बसली आणि चादरीला चादर जोडू लागली. मी शिवणाचा वर्ग केलेला, पण तसे हात मी पुन्हा कधी पाहिले नाहीत. चार बोटांवर एक गाठ, वीतभर अंतरावर दुसरी, सुई दिसायचीच नाही. डोंगरवाली शिडी सोडून थेट खांबावरून कौलांवर चढली. कौलं न फोडता वाशावर पाय ठेवत ती टोकापर्यंत गेली आणि वरून दोर सोडला. कापड धरून ठेवायला तिने कुंपणाची बाभळ मोडून काटे आणले आणि भिंतीच्या फटींत टोचले. मावशी जाळ्याचे दगड खालच्या कडेला बांधत होती. वरून डोंगरवालीने विचारलं, "मासळीचा वास येनारे दगड बांधतेस काय?" मावशी खालून म्हणाली, "वाऱ्याला वास चालतो. तुझ्यासारखा पदर नाय लावत." दोघींनी हात थांबवले नाहीत.

इथे खरी अडचण आली. सगळं कापड जोडूनही जेमतेम अर्धी भिंत झाकली जात होती. कुठली अर्धी? मावशीला माहीत नव्हतं. बायका मासेमारीला होडीवर जात नाहीत. तिने ती खूण आयुष्यभर ऐकली होती, कधी धरली नव्हती. आणि खूण धरणारे सगळे पुरुष समुद्रात होते.

मग मला म्हातारा आठवला. मी धावत त्याच्याकडे गेले आणि विचारलं की डोंगराचं डोकं भिंतीवर नेमकं कुठे धरायचं. त्याने माझ्याकडे नाही, समुद्राकडेही नाही, आपल्या समोरच्या हवेत पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले, वल्हं धरल्यासारखे.

"विहिरीच्या अंगाला," तो म्हणाला. "भिंत सोपली की डोंगर सुरू व्हायला पायजे. मधी धरला तर डावीकडचा खडक लागतो." मग म्हणाला, "मी सांगत व्हतो घर दिसत नाय म्हनून."

मी त्याची माफी मागितली. त्याने ती ऐकली की नाही मला माहीत नाही. तो अजून हवेतली होडी वळवत होता.

विहिरीकडच्या कोपऱ्याला कापड लागलं तेव्हा साडेतीन वाजले होते. आजोबांनी खालचा शेवटचा दोर खुंटीला बांधला. समुद्रावरचा वारा सुटला होता, त्याने चादरी भिंतीवर दाबून धरल्या, तरी मध्येच फुगून हलत होत्या. आम्ही सगळे पाण्याच्या कडेला गेलो. पाड्यातल्या बायका आल्या होत्या.

तीन शिडं दिसली. पहिली होडी पुढे आली आणि खडकांच्या बाहेर थांबली. तिने शीड उतरवलं. आतली माणसं उभी राहिलेली दिसत होती, हात डोळ्यांवर धरून. होडी थोडी देवळाच्या दिशेला सरकली. मावशीने माझं मनगट धरलं. तिचा अंगठा जिथे होता तिथे दुसऱ्या दिवशीही निळं होतं. होडी पुन्हा थांबली, पाण्यावर वरखाली होत राहिली. पाणी आता चढत नव्हतं. मी घड्याळाकडे पाहणं बंद केलं.

मग होडीचं तोंड आमच्याकडे वळलं. अर्धंच शीड वर गेलं. ती हळूहळू, कुठेही न चुकता, पाण्यात आखलेल्या रेघेवरून यावी तशी आत आली. तिच्या मागोमाग दुसरी, मग तिसरी, तीच रेघ धरून. मावशीने माझं मनगट सोडलं आणि टोपल्या आणायला निघून गेली.

तिच्या नवऱ्याने होडी वाळूवर ओढली आणि भिंतीकडे बराच वेळ पाहिलं. मी पुढे होऊन सांगितलं की चूक माझी आहे. तो शांत माणूस होता. म्हणाला, "तास झाला भिंत शोधत व्हतो. मंग ती पांढरी दिसली, पन हलत व्हती. धाकटा बोलला, भिंत कधी हलते का. मी बोललो, भिंतीवर नको जाऊ, डोंगर बघ. डोंगर जागेवर हाय ना." एवढं बोलून तो मासळी उतरवायला लागला. मला कोणी रागावलं नाही. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरवाली न बोलावता आली. तिने चादरी सोडवल्या, गेरू खरवडला आणि आपल्याच दोन दिवसांच्या कामावर चुन्याचा पहिला हात दिला. मी म्हटलं की फार सुंदर झालं होतं. ती म्हणाली, "ओटीवर आतल्या भिंतीला घालते. तिथून कोनाची होडी नाय चुकत." आणि खरंच तिने चार दिवसांत ओटीची भिंत केली, आधीपेक्षाही सरस. चुना पांढरा दिसायला लागला त्या दिवशी मावशीने तिला सुकट दिली, केळीच्या पानात बांधून, आणि वर म्हणाली की वास येईल, पदर आन लांब. तिने पुडा घेतला आणि कमरेला खोचला.

डोंगरवालीच्या मनात मात्र एक गोष्ट राहिली होती. आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशी तिने मावशीच्या नवऱ्याला विचारलं की तुमी सगळे माझ्या डोंगराकडं बघून घरी येता, हे खरं काय. तो म्हणाला की त्याचा बापही तसाच येत होता आणि आजाही. मग तो म्हणाला, "चल, दाखवतो." मावशी म्हणाली की ही होडीत उलटी करेल आणि होडी मीच धुवायची. पण होडीत चढताना तिचा हात मावशीनेच धरला, आणि मागून मलाही ढकललं.

खडकांच्या बाहेर गेल्यावर त्याने होडी वळवली. डोंगरवाली डोलकाठीला दोन्ही हातांनी मिठी मारून उभी होती. समोर किनारा एका पातळ हिरव्या रेघेएवढा झाला होता, त्यात नखाएवढी आमची पांढरी भिंत, आणि तिच्या विहिरीकडच्या कोपऱ्यावरून सुरू होऊन सगळं आकाश अडवून काळदुर्ग. वाळूवरून तो मला रांगेतला एक डोंगर वाटला होता. इथून दुसरं काही दिसतच नव्हतं.

मग तिने डोलकाठी सोडली आणि कपाळावर हात आडवा धरला, त्या माणसांनी धरला होता तसा.

"एवढा मोठा हाय?" ती म्हणाली. "आमी तर त्याच्या पायाशी राहतो. आमाला नुसते दगड दिसतात."